दोन टोकांमधला कचरा

माझ्या पीएच.डी.चा विषय काय, हे आमच्या घरात प्रत्येकजण वेगळं सांगत असे. आई सांगायची, "कम्प्युटरचं काहीतरी हाये." बाबा सांगायचे, "काचेच्या धाग्याचं हाये," आणि हे सांगताना त्यांचा आवाज जरा मोठा व्हायचा, कारण धागा म्हटला की तो विषय आपल्या अखत्यारीत येतो अशी त्यांची समजूत होती. आणि आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, अख्ख्या आंधळगावात सांगत फिरायची, "आमची पोट्टी उजेड जोडते." तिघांत आत्याचंच सगळ्यात बरोबर होतं. हे तिच्यासमोर मान्य करायचं धाडस मी बरेच दिवस केलं नाही, कारण एकदा ती बरोबर आहे असं तिला कळलं की पुढचे सहा महिने घरात दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची सोय राहत नसे.

मी खरोखरच उजेड जोडत होते. ऑप्टिकल फायबर म्हणजे काचेची तार. तिच्या मधोमध उजेडाची वाट असते, केसाच्या साधारण दहाव्या भागाएवढी. त्या वाटेनं उजेड गावंच्या गावं ओलांडून येतो आणि शेवटी त्याला एका चिपमध्ये शिरायचं असतं. चिप करंगळीच्या नखाएवढी, आणि तिच्यातली उजेडाची वाट फायबरमधल्या वाटेच्याही विसाव्या भागाएवढी. म्हणजे बावनथडीच्या कालव्याचं पाणी सलाईनच्या नळीत सोडायचं, आणि तेही न सांडता. अर्थातच सांडतं. बहुतेक सगळं सांडतं. ते कमी कसं सांडेल, एवढाच माझा विषय होता.

यावरची युक्ती मोठी उफराटी आहे. चिपच्या कडेशी ती वाट आणखी अरुंद करत न्यायची, अगदी टोकदार. आधीच अरुंद, त्यात आणखी अरुंद कशाला, असं कोणीही विचारेल. पण वाट फारच अरुंद झाली की उजेड तिच्यात मावत नाही आणि बाहेर फुगतो, एसटीच्या दोघांच्या बाकावर तिसरा बसला की कडेचा अर्धा बाहेर येतो तसा. फुगून तो फायबरमधल्या उजेडाएवढा झाला, की मग दोन्हीकडची ये-जा सुखानं होते. ते टोक नेमकं कसं असावं यावर मी चार वर्षं घालवली होती. माझ्या चिपवर अशा अकरा वाटा शेजारी शेजारी कोरल्या होत्या, प्रत्येकीचं टोक जरा वेगळं.

आता राहिलं जोडणं. चिपच्या एका कडेला एक फायबर, दुसऱ्या कडेला दुसरं. अलीकडून लेझरचा उजेड आत सोडायचा, पलीकडे मीटरवर किती पोचला ते बघायचं. फायबर बारीक स्क्रू फिरवत फिरवत नेमक्या जागी आणायचं आणि खास गोंदानं चिकटवून टाकायचं. तो गोंद निळसर दिव्याखाली दोन मिनिटांत वाळतो. त्या दोन मिनिटांत कोणी दार आपटलं, तरी खेळ खलास.

टाळेबंदीत पुण्याची आमची प्रयोगशाळा बंद झाली. गाईडनी मला एक लोखंडी पेटी घरी न्यायची परवानगी दिली. तिच्यात मायक्रोस्कोप, स्क्रूची बैठक, दोन लेझर, मीटर, गोंद, आणि डबीत कापसावर ठेवलेल्या तीन चिपा. फोनवर ते म्हणाले, "तीनपैकी एक तरी दोन्हीकडून जोडून महिनाअखेर मोजमाप पाठव. ते नसेल तर शेवटचं प्रकरण जाईल, आणि ते गेलं तर बाकीच्याला कोणी प्रबंध म्हणणार नाही." फेलोशिप तशीही संपत आली होती. म्हणजे चार वर्षं त्या डबीत होती, आणि ती डबी मी आंधळगावच्या वाटेवर ब्लाऊजमध्ये ठेवून आणली.

घरी पेटी मांडायला एकच जागा होती, बाबांच्या मागाची खोली. तिथं पंखा नाही, कारण वाऱ्यानं कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, धागे हलतात. धूळ कमी. कोपऱ्यात जुना दगडी पाटा होता, तो हलवायला चार माणसं लागत. अशा पाट्यावर बैठक ठेवली की ती हलणार नाही असं मी मनाशी ठरवलं. एक गोष्ट मात्र विसरले. बाबांचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या फळ्यांवर, आणि आडवा धागा टाकला की फणी ओढून ठोका मारतो. तो ठोका मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्यामुळे ऐकणं सोडून दिलं होतं. मीटरनं मात्र सोडलं नव्हतं. प्रत्येक ठोक्याला आकडा बेडकासारखा उडी मारायचा.

"बाबा, मी थांबा म्हटलं का थांबा जी," मी म्हणाले.

"किती वेळ?"

"दोन मिनटं."

बाबांनी कापडाकडे पाहिलं. "दोन मिनटात माह्यं बोटभर कापड होते," ते म्हणाले. पण कबूल झाले.

पहिली चिप अशी गेली. सगळं जुळलं, मी गोंदाचा थेंब सोडला, दिवा लावला आणि म्हणाले, थांबा. बाबा थांबले, शब्दाला जागणारा माणूस. फक्त नेमकी त्या वेळी त्यांनी फणी अर्धी ओढलेली होती. ती सोडली तर मागे जाताना धागे हिसकतात, ओढली तर ठोका बसतो. म्हणून त्यांनी ती तशीच अधांतरी धरून ठेवली. एक मिनिट धरली. मला मायक्रोस्कोपमधून काही दिसत नव्हतं, पण त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. दीड मिनिटानं हात थरथरला आणि धप्प. फायबर जे सरकलं ते तिथंच वाळलं. उजेड चिपच्या बाहेर कुठंतरी, खोलीच्या भिंतीकडे जात असावा.

"मले वाटलं, तू दोन मिनटं म्हणजे आपलं बोलाचं म्हणून बोलली," बाबा खांदा चोळत म्हणाले.

एव्हाना गावात कळलं होतं की अमक्याची पोरगी मागाच्या खोलीत उजेड पाडून राहिली आहे. टाळेबंदी होती, पण आमच्या खिडकीला नव्हती. नाकाला दुपट्टे बांधून माणसं यायची आणि गजांतून आत बघायची. आता जो उजेड मी वापरत होते, तो डोळ्यांना दिसत नाही. एक छोटा लाल लेझर होता, तो सुरुवातीला अंदाजानं जुळवण्यापुरता. खरं काम न दिसणाऱ्या उजेडावर. हे मी एका काकांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिसत नाई, तं उजेड कायचा?" हा प्रश्न मला चार वर्षांत कोणी विचारला नव्हता.

मग त्यांना काहीतरी दिसावं म्हणून मी मीटर दाखवला. तीच चूक झाली. त्या मीटरवर आकडा नेहमी उणे असतो. उणे तीस म्हणजे फार वाईट, उणे पाच म्हणजे फार छान. उणे का, ते सांगायला बसले तर धान कापणीला यायचं. लोकांनी एवढंच पाहिलं की पोरगी सकाळपासून बसली आहे आणि आकडा उणे आहे. दुसऱ्या दिवशीही उणे. दूध घालणाऱ्या बाईंनी आईला हळूच विचारलं, "अजून उणेच हाये का वो?" आई रात्रीच्या भाकरी थापताना सुस्कारे सोडायला लागली. एकदा मी आकडा उणे तेवीसवरून उणे नऊवर आणला आणि आनंदानं ओरडले, तेव्हा ती धावत आली, बघितलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "जाऊ दे, होईन."

दुसऱ्या चिपच्या वेळी बाबा मागावरून उठून बाहेर जाऊन बसले. आईनं कुकर बंद ठेवला. खिडकी लावली. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. उणे नऊ होतं. गोंद टाकला, दिवा लावला, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेतला. आणि माझ्या डोळ्यांसमोर, कोणी काही न करता, आकडा खाली घसरला. उणे दहा, उणे बारा, उणे सतरा. वाळताना गोंद आकसला आणि जाता जाता फायबरला आपल्याबरोबर ओढत घेऊन गेला. त्या दिवशी मी पाट्याला लाथ मारली. पाटा अर्थातच हलला नाही आणि माझा अंगठा चार दिवस सुजलेला होता.

बाबा दारात उभे राहून बघत होते. "आकसला का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कापडही मागावरून उतरलं का आकसते. म्हणून आम्ही दोन बोटं जास्तच विणतो. तू आधीच जरा बाजूले काहून नाई धरत? ओढन तो, आन् आणन जागेवर."

मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. कारण ही युक्ती मला माहीत होती. ती मी वाचली होती, तिच्यावर टिपणं काढली होती, एका ज्युनियरला फळ्यावर आकृती काढून शिकवलीसुद्धा होती. फक्त ती आपण करायची असते हे सुचलं नव्हतं. मी म्हणाले, "हे मले मालूम आहे." बाबा म्हणाले, "मंग बरं," आणि मागावर जाऊन बसले.

पुढचे दिवस मी टाकाऊ काचेच्या तुकड्यांवर थेंब टाकून तो किती ओढतो, कुठं ओढतो, हे शिकण्यात घालवले. आता एक चिप आणि तीन दिवस उरले होते.

इथं आत्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिनं केलं. आत्या विणत नसे. ती ताणे जोडायची. मागावरचे उभे धागे, म्हणजे ताणा, संपत आला की तो पूर्ण काढत नाहीत. त्याची शेपटी फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या शेपटीच्या एकेका धाग्याला जोडतात. शेकडो, हजारो धागे. आत्या वाटीतली राख बोटांना लावायची, दोन टोकं चिमटीत घ्यायची, आणि एक पीळ. झालं. गाठ मारत नसे, गाठ फणीत अडकते. चष्मा होता, पण तो कपाळावर. बघायचं काम बोटंच करायची. ती बसली की तिला "किती राहिलं" असं विचारायचं नाही, असा आमच्याकडे दंडक होता. विचारलं तर ती उठून निघून जायची आणि त्या मागावर परत यायला आठवडा लावायची. मोहाडीपर्यंतचे लोक तिला बोलवायला येत. तिच्या हातचा पीळ सुटला असं कधी कोणी म्हटलं नव्हतं, आणि हे ती दिवसातून एकदा तरी सांगायची. मला तिनं लहानपणी दोन उन्हाळे शिकवून पाहिलं आणि मग आईला निरोप दिला की हिला शाळेतच घाला.

असा दंडक पाळणारं हे घर मला मात्र दिवसातून चारदा विचारायचं, "किती राहिलं?" विचारण्यात आत्या सगळ्यात पुढं.

तर त्या दिवशी सकाळी सगळं जुळून आलं. अकरा वाटांमधली सहावी सगळ्यात चांगली निघाली. तिच्या दोन्ही कडांना दोन्ही फायबर आणून ठेवली, गोंद ओढेल त्या हिशेबानं जरा बाजूला. आकडा मला हवा तसा होता. आता फक्त गोंद आणायचा. तो फ्रीजमध्ये होता, दुधाच्या पिशवीच्या मागं. मी उठले. मायक्रोस्कोपचा दिवा तसाच चालू ठेवला, वर झाकण म्हणून असलेला प्लास्टिकचा डबा बाजूलाच राहिला, आणि मी स्वयंपाकघरात गेले. तिथं गाईडचा फोन आला. मी अंगणात जाऊन त्यांना मोठ्या रुबाबात सांगितलं, की सर, अर्ध्या तासात होतंय.

तेवढ्या वेळात आत्या आली. बाबांच्या नव्या ताण्याचं बघायला आली होती, राखेची वाटी हातातच. बाबा मागावर पाठमोरे बसून तुटलेला धागा शोधत होते. आत्यानं जाता जाता, खिडकीतले सगळे वाकून बघतात तसं, मायक्रोस्कोपमध्ये बघितलं.

तिला काय दिसलं ते तिनं नंतर तपशिलात सांगितलं. एक धागा इकडून आलेला, एक तिकडून. दोन्हींची टोकं तुटकी, समोरासमोर. आणि मधात कचरा अडकलेला. साठ वर्षं जी बोटं असली टोकं बघत आली होती, ती थांबणार कशी. तिनं मधला कचरा नखांनी उचलून काढला, बोटांना राख लावली, आणि दोन्ही काचेचे धागे एकमेकांना पीळ द्यायला घेतले.

मी गोंद घेऊन दारात आले, तेव्हा ती म्हणत होती, "कोणतं सूत हाये हे? लय कडक हाये. तुटतेच."

माझ्या हातून गोंद पडला नाही, एवढंच काय ते माझं कर्तृत्व. पाट्यावर नुसती रिकामी बैठक होती. चिप नव्हती.

"आत्या, मधात होतं ते कोठी हाये?"

"कचरा? काढला."

"कोणी हालू नका," मी म्हणाले. "कोणी पाय उचलू नका."

बाबा खड्ड्यात एक पाय पावडीवर आणि एक पाय हवेत ठेवून थिजले. आई चहाचं ताट घेऊन उंबऱ्यावर अडकली. खिडकीतले काका खरं तर घराच्या बाहेर होते, तरी तेही हलेनात. आत्या हात पुढं धरून उभी. मी गुडघ्यांवर बसून गाल जमिनीला लावला आणि भुईवरून नजर फिरवायला लागले. नखाएवढी चिप, मातीच्या रंगाची जमीन, तिच्यावर बारीक कोशाचे तंतू. चार वर्षं त्यात कुठंतरी पडली होती.

"पोरी," बाबा पाय हवेतच धरून म्हणाले, "आत्याच्या बोटाकडं पाह्य आधी."

मी वर बघितलं. आत्या अंगठ्यानं तर्जनीचं टोक चोळत होती, पुन्हा पुन्हा. काही बोलत नव्हती, आणि आत्या बोलत नाही हेच मुळात गंभीर. फायबर तुटलं होतं आणि त्याची कूस, म्हणजे कुसळासारखा बारीक तुकडा, तिच्या बोटात गेली होती. काचेची कूस. ती चोळली की आणखी आत जाते, आणि डोळ्यांना दिसतही नाही. हे मला माहीत होतं. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. आणि तरी मी आधी जमिनीकडे बघितलं होतं. ती लाज मला आजही वाटते.

"आत्या, चोळू नको. काहून नाई सांगितलं?"

"तू कामात होती," ती म्हणाली. मग जरा थांबून, "हे बोट गेलं तं मले कोण बोलावन?"

मी उठले आणि सरळ चालत गेले. तिसऱ्या पावलाला पायाखाली कट्ट असा आवाज झाला. खिडकीतल्या काकांनी डोळे मिटले. मी खाली बघितलंच नाही. नंतर कळलं, तो मुरमुरा होता, पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं, आणि मी चालत राहिले हे स्वतःच्या बाजूनं सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे.

मी मायक्रोस्कोप फिरवला, आत्याला पाट्याशी बसवलं आणि तिचं बोट त्याच्याखाली धरलं. बोटावर राख, तिच्याखाली साठ वर्षांचे घट्टे. कूस दिसेना. काच ती, तिला रंग नाही. राख पुसली, दिवा इकडून मारला, तिकडून मारला. काही नाही. आत्या पापणी न हलवता बसली होती. मग मला तो छोटा लाल लेझर आठवला. त्याचा उजेड मी बोटाच्या बाजूनं, कातडीला जवळजवळ टेकवून सोडला आणि हळूहळू फिरवत गेले. एका जागी घट्ट्याच्या कडेला लाल ठिपका चमकला, टाचणीच्या टोकाहून बारीक. उजेड आत, कुशीच्या एका टोकातून शिरला होता आणि दुसऱ्या टोकातून बाहेर येत होता. त्या अख्ख्या महिन्यात मी केलेली पहिली धड जोडणी ती.

मी चिमट्यानं कूस ओढून काढली. भाताच्या दाण्याच्या अर्ध्याएवढी होती. काचेवर ठेवून आत्याला मायक्रोस्कोपमधून दाखवली. तिनं बघितलं आणि म्हणाली, "एवढीशी?" आपल्याला फसवलं असं तिला वाटलं असावं.

बोटाला चिंधी बांधून तिला भिंतीशी बसवलं आणि मग आम्ही जमीन शोधायला लागलो. बाबा खड्ड्यातून हातांवर वर आले आणि रांगायला लागले. आई ताट कोनाड्यात ठेवून रांगायला लागली. काकांनी गजांतून टॉर्च धरला आणि ते "उजवीकडं, उजवीकडं" असं सांगू लागले, ते कशाच्या जोरावर कोण जाणे. आम्ही खोली दोनदा चाळली. मागाचा खड्डा चाळला. तिथं माझी तिसरीतली एक पेन्सिल आणि बाबांचा हरवलेला दात मिळाला. चिप नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि रडायला लागले, अगदी आवाज काढून.

"काय शोधून राहिले तुम्ही इतल्या वेळचे?" आत्यानं विचारलं.

"तो चौकोनी तुकडा वो आत्या. तू काढला तो."

"तो राखेच्या वाटीत हाये," आत्या म्हणाली. "म्या कचरा भुईवर टाकलेला कोनं पायला का आजपर्यंत?"

खरंच. तुटका धागा भुईवर टाकायचा नाही, तो पायात येतो, मागात जातो. ती सगळी कातरणं वाटीत टाकते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तासभर रांगताना एकानंही तिला विचारलं नव्हतं, कारण ती मधेमधे बोलेल म्हणून आम्ही तिला भिंतीशी बसवलं होतं.

चिप धुतली, पुसली, मायक्रोस्कोपखाली धरली. आत्याचं नख लागलं होतं तिथं कडेचा टवका उडाला होता. माझी लाडकी सहावी वाट गेली, तिच्या आजूबाजूच्याही गेल्या. अकरातली एकच, अगदी कडेची, दोन्ही टोकांना धड राहिली. नवी फायबर कापली. दुसऱ्या दिवशी बाबांनी मी न सांगता दिवसभर माग बंद ठेवला, आईनं चूल अंगणात मांडली, आणि आत्या दाराबाहेर काठी घेऊन बसली. कोणी आलं की काठी उचलायची आणि बोटानं ओठ दाबायची. तिनं पोस्टमनलासुद्धा परत पाठवलं. गोंद आकसला, फायबर ओढलं गेलं, आणि जिथं यायला हवं होतं तिथं येऊन थांबलं. एकाच वाटेचं मोजमाप झालं, पण चांगलं झालं. मी ते गाईडना पाठवलं. प्रकरण वाचलं.

आत्याचं मात्र बिघडलं. बोट चार दिवसांत बरं झालं, पण खिडकीतल्या काकांना गप्प बसवणारा गोंद अजून निघालेला नाही. गावात सगळीकडे झालं, की बाईनं भाचीचा उजेड तोडला. लोक हसण्यावारी न्यायचे, पण त्या दिवाळीआधी दोन मागवाल्यांनी ताणा जोडायला मोहाडीहून दुसरं कोणी बोलावलं. आपल्या हातचा पीळ सुटत नाही, हे दिवसातून एकदा सांगायचं वाक्य आत्यानं बंद केलं.

प्रबंध लिहिताना एका वाटेचंच मोजमाप का, याचं कारण द्यावं लागतं. मी सगळे लिहितात तसं लिहिलं, की हाताळताना झालेल्या नुकसानीमुळे बाकीच्या वाटा मोजता आल्या नाहीत. एका संध्याकाळी आत्यानं विचारलं, "पुस्तकात माह्यं काही लिवलं का?" मी तिला ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं. "म्हणजे माह्या हातानं," ती म्हणाली आणि उठून गेली. जेवायला आली नाही.

मी ते वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं, की संशोधिकेनं जुळवलेली चिप न झाकता सोडली, आणि त्या निष्काळजीपणामुळे दहा वाटांचं नुकसान झालं. गाईडनी फोन केला. "असं कोणी लिहितं का? परीक्षक हसतील." मी म्हणाले, "सर, खरं तेच आहे." ते म्हणाले, "ठेव मग." परीक्षक खरंच हसले, पण पदवी दिली.

छापील प्रत घेऊन मी गावी आले तेव्हा अंगणात चार मागवाले बसले होते, खिडकीवाले काकाही होते. आत्यानं मला सगळ्यांसमोर बसवलं आणि ते पान वाचायला लावलं. इंग्रजीत एकदा, मराठीत दोनदा. "पुस्तकात छापलं हाये," ती काकांना म्हणाली. मग मला म्हणाली, "कोणती ओळ?" तिला वाचता येत नाही. मी तिची तर्जनी धरून त्या ओळीवर ठेवली. ओळ सुरू होते तिथून संपते तिथपर्यंत तिनं बोट हळूहळू नेलं, चष्मा कपाळावरच ठेवून.

"बरोबर हाये," आत्या म्हणाली. "झाकून ठेवाले पायजे होतं तुनं."